दातवाला नवरा, नाकवाली बायको आणि आमचे बाबा

आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही लागला की तिघं तीन ठिकाणी असतात. आई स्वयंपाकघरात, मान तेवढी बाहेर. मी मोबाईलमध्ये. आणि बाबा टीव्हीच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसलेले, पण बघत नसतात, कारण ऐकूच येत नाही तर बघून करायचं काय. कानाचं मशीन आहे, चांगलं आहे, पण टीव्हीचा आवाज त्यात नुसता गलका होऊन येतो असं ते म्हणतात, शब्द सुटे होत नाहीत. मग थोड्या वेळाने ते मशीन काढून डबीत ठेवतात आणि सोप्यावर जाऊन बसतात. गेली पाचेक वर्षं हे असंच चाललंय.

आता हे बाबा कोण ते सांगितलं पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव फोंड्याजवळ, म्हार्दोळच्या बाजूला. आमच्याकडे जत्रेला नाटक झालंच पाहिजे, तेही मराठी, आणि जमलं तर संगीत. घरात कोकणी बोलतील, भांडतील कोकणीत, पण जत्रेला मराठी नाटक. बाबा त्या नाटकांचे तीसेक वर्षं प्रॉम्प्टर. कधी तोंडाला रंग लावला नाही. विंगेत स्टूल टाकून, मांडीवर पुस्तक, हातात बॅटरी. पुस्तक उघडं असायचं पण बघावं लागत नव्हतं, सगळं पाठ. कोण कुठल्या वाक्याला अडखळणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, अडखळायच्या आधी पहिला शब्द कानात सोडलेला. म्हणजे हा माणूस आयुष्यभर शब्दांचा राखणदार, आणि त्याचेच कान गेले. मला याचं फार वाईट वाटतं, त्यांना बोलून दाखवत नाही कधी, पण वाटतं.

तर जुलैमधली गोष्ट. पाऊस असा की समोरचं पोरसू, म्हणजे परसबाग, दिसेना, लाईट दोनदा गेली आणि आली. मी मोबाईलवरून टीव्हीला जोडून एक मूकपट लावला. मनात काही मोठा विचार नव्हता, एवढंच वाटलं की यात ऐकायचं काही नाहीच, तर आज तिघं सारखेच. पिक्चरचं नाव 'माइटी लाइक अ मूस'. 1926 चा, दोन रिळांचा, वीस-बावीस मिनिटांत संपतो. तेव्हाचं एक रीळ म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटं, आणि मेन पिक्चरच्या आधी दाखवायला असे दोन रिळी विनोदी पट अमेरिकेत ढिगाने निघायचे. हा हॅल रोच यांच्या स्टुडिओतला. 2022 पासून तिकडच्या कायद्याने यावरचा कॉपीराईट संपलाय, त्यामुळे नेटवर मिळतो, शोधला की सापडेल.

हिरोचं नाव चार्ली चेस. आईने 'चार्ली' ऐकलं आणि म्हणाली, अगं मिशीवाला आणि काठीवाला तो दिसत नाही कुठे. तो चॅप्लिन. हा दुसरा. 1914 मध्ये दोघं एकाच स्टुडिओत होते आणि या चार्लीने त्या चार्लीच्या काही पिक्चरमध्ये छोटी कामंही केलीत. पण दोघांची जात पूर्ण वेगळी. चॅप्लिनचा भटक्या, रस्त्यावरचा. चार्ली चेस म्हणजे उंच, सडपातळ, नीट कपडे केलेला, ऑफिसला जाणारा, बायको-घर असलेला माणूस. त्याच्यावर संकट येतं ते घरातूनच येतं, लाज वाटण्यातून येतं. आपल्या ओळखीतला कोणीतरी वाटतो तो, एखादा बँकेतला भावोजी असतो तसा. खरं नाव चार्ल्स पॅरट, आणि त्या नावाने तो दिग्दर्शनही करायचा. मला हा माणूस चॅप्लिनच्या खालोखाल आवडतो, आणि आपल्याकडे त्याचं नाव कोणी घेत नाही याचं खरंच आश्चर्य वाटतं.

गोष्ट अशी. नवऱ्याचे दात पुढे, म्हणजे ओठ मिटतच नाहीत एवढे पुढे. बायकोचं नाक भलंमोठं. बायको झालीय व्हिव्हियन ओकलंड. दोघांचा संसार बरा चाललाय, पण दोघांच्याही मनात आपापल्या चेहऱ्याचं दुःख. आणि दोघंही एकमेकांना न सांगता जाऊन ते नीट करून घेतात, तो दात, ती नाक. सरप्राईज द्यायचं म्हणून. बाहेर पडतात तर समोरासमोर येतात, आणि ओळखतच नाहीत! तो बघतो तर एक सुंदर बाई, ती बघते तर एक देखणा पुरुष. नजरानजर, हसणं, लाजणं, बोलणं सुरू. दोघांच्याही मनात चोर, की आपलं लग्न झालंय आणि आपण हे काय करतोय, पण सुटत नाही. शेवटी संध्याकाळी एका पार्टीला जायचं ठरतं.

इथे बाबा पहिल्यांदा हसले. मी टीव्हीकडे बघतच नव्हते, मी त्यांच्याकडे बघत होते. आई आणि बाबा एकाच क्षणाला हसले, हे मी कितीतरी दिवसांनी बघितलं. एरवी आई हसते, मग बाबा तिच्याकडे बघतात, मग आई मोठ्याने समजावून सांगते, मग बाबा मान हलवतात. त्या दिवशी मध्ये कोणी नव्हतं.

मग येतो घरातला सीन, आणि माझ्या मते पिक्चरचा जीव इथे आहे. पार्टीला जायचं तर कपडे बदलायला दोघंही घरी येणार ना, आणि घर एकच! म्हणजे तो एका खोलीत तयार होतोय, ती दुसऱ्या खोलीत, आणि दोघांनाही एकमेकांच्या तोंडावर पडायचं नाहीये. तो या दारातून बाहेर, तेवढ्यात ती त्या दारातून आत. ती वळली की तो गेलेला. चुकामूक इतक्या बारीक फरकाने होते की आपणच खुर्चीत अंग चोरून घेतो. नुसती धावपळ नाही ही, एक पाऊल चुकलं असतं तर सगळी गोष्ट तिथेच संपली असती आणि आपल्याला हे माहीत असतं, त्यांना नसतं, म्हणून हसू येतं.

बाबा म्हणाले, थांबव.

मी थांबवलं. म्हणाले, मागे घे, दारं दाखव मला. मी मागे घेतलं. परत बघितलं. परत मागे. तीनदा. आणि मग त्यांनी सुरू केलं समजवायला, त्यांचा आवाज जरा मोठाच असतो आता, की हे बघ, पात्राची एन्ट्री कुठून आणि एक्झिट कुठून हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, तरच चुकामूक कळते, नाहीतर नुसता गोंधळ होतो, आमच्या पोरांना हेच कळत नाही, ती डावीकडून गेलेली उजवीकडून येतात. याने बघ एकदाही प्रेक्षकाला फसवलेलं नाही. कुठलं दार कुठे उघडतं ते आपल्याला पहिल्या मिनिटाला कळलंय.

मी एवढी वर्षं हे पिक्चर बघत आले आणि मला हे सुचलं नव्हतं. मला वाटायचं टायमिंग म्हणजे वेग. बाबा म्हणतात आधी जागा, मग वेग.

आपल्याकडे नवरा-बायकोच्या गैरसमजाचं नाटक म्हटलं की 'संशयकल्लोळ' आलंच. देवलांनी ते आधी गद्यात लिहिलं आणि 1916 मध्ये ते संगीत होऊन गंधर्व कंपनीने रंगमंचावर आणलं. गोव्यात ते इतक्या वेळा झालंय की आमच्या गावात साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला 'फाल्गुनराव', म्हणजे त्यातला संशयी नवरा, एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. रस्त्यात घेरी येऊन पडलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो ते त्याची बायको कृत्तिका बघते, रेवतीकडून पडलेली एका पुरुषाची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते ती फाल्गुनराव बघतो, झालं सुरू. मुळात त्याची नाळ फ्रेंच मोलिएरपर्यंत जाते, मध्ये एक इंग्रजी नाटक आहे, पण आपण ते असं काही आपलं केलं की फाल्गुनराव बाजूच्या गल्लीत राहतो असं वाटावं.

बाबांना ते नाटक तोंडपाठ. आणि त्यांनी जेवताना जे सांगितलं ते मी इथे लिहून ठेवतेय, त्यासाठीच खरं तर ही पोस्ट. ते म्हणाले, फाल्गुनरावाच्या घरात कोणी काही केलेलं नसतं, पण संशय मात्र डोंगराएवढा. इथे उलट आहे. इथे दोघंही खरंच चोरून चाललेत, पण संशय कोणालाच नाही! आणि चाललेत कोणाकडे, तर आपल्याच माणसाकडे.

आई म्हणाली, म्हणजे दोन्हीकडे पाप शून्यच की.

मला हे इतकं आवडलं ना. दोन्हीकडे नवरा-बायको एकमेकांना नीट बघत नाहीत हेच खरं दुखणं, फक्त एकात जे नाही ते दिसतं आणि दुसऱ्यात जे समोर आहे ते दिसत नाही. आणि या पिक्चरमधली मला सगळ्यात गोड वाटलेली गोष्ट म्हणजे, त्या दोघांना सगळं जग मोकळं असताना दुसऱ्यांदाही एकमेकंच आवडतात. कोणी तसं बोलत नाही, मूकपटात मध्ये मध्ये अक्षरांचं कार्ड येतं त्यावरही लिहून येत नाही, पण ते आहे तिथे.

पण थांबा, अजून गोष्ट संपली नाही. पार्टीवर पोलिसांची धाड पडते, दोघं पळत घरी. आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या आधी लक्षात येतं की ती बाई म्हणजे आपलीच बायको! आता हसून मोकळं व्हावं ना? नाही. त्याला राग येतो आणि तो ठरवतो की हिला धडा शिकवायचा. इथे आई भडकली. म्हणाली, हा पण तर गेलेला पार्टीला! हा कोण धडा शिकवणार? खरंय तिचं. मला पण दरवेळी हे खटकतं, पिक्चर नवऱ्याच्या बाजूने झुकतो इथे, त्याला आधी कळलं म्हणून तो न्यायाधीश होतो आणि ती गुन्हेगार. 1926 चा आहे म्हणून सोडून द्या असं मी म्हणणार नाही, कारण त्या काळात बघणाऱ्या बायकांनाही हे कळलंच असेल की. फक्त एवढं सांगते की शेवटपर्यंत बघा, शेवट मी सांगत नाही.

धडा शिकवायची त्याची आयडिया अशी, की नवरा आणि तो पार्टीवाला परका पुरुष यांची बायकोसमोर मारामारी लावून द्यायची. आता दोघंही तोच! म्हणजे पुढचे दात लावले की नवरा, काढले की परका. बायकोला दिसतंय ते दारातून, अर्धवट. एकदा नवरा मार खाऊन मागे जातो, क्षणात परका उलटा येऊन आदळतो, परत नवरा, परत परका. एकच माणूस स्वतःला ठोसे मारतोय, स्वतःच्याच मानेला धरून ओढतोय, आणि तिकडे बायकोचा जीव टांगणीला. कॅमेऱ्याची जादू करून एकाच चित्रात दोन चार्ली दाखवता आले असते, ते तंत्र तेव्हा होतंच. पण इथे सगळं त्याच्या अंगावर आहे. अंग, दात, आणि एक दार.

बाबा उभे राहिले खुर्चीतून. "दार!" असं ओरडले. आईला वाटलं मागचं दार वाऱ्याने उघडलं, ती बघायला गेली.

यामागे एक गोष्ट आहे जी मी लहानपणापासून ऐकत आलेय. एका जत्रेला, मी तेव्हा जन्मलेही नव्हते, नाटकातलं एक पात्र आलंच नाही. वाळपईहून मोटरसायकलवर यायचा तो माणूस, गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा मोबाईल कुठले, कळायचं काही साधन नाही. माटवात, म्हणजे मांडवात, माणसं बसलेली, नांदी झालेली. मग दुसऱ्या एका नटाने दोन्ही पार्टी, म्हणजे भूमिका, केल्या. कोट घातला की हा, उपरणं टाकलं की तो. सगळे प्रवेश निभावले, कारण ती दोन पात्रं एकमेकांसमोर कुठेच येत नव्हती, एक प्रवेश सोडून. त्या प्रवेशात काय करायचं? बाबांनी सांगितलं, त्याला दाराआड ठेवा. म्हणजे स्टेजवरचा नट दाराकडे तोंड करून बोलायचा आणि दाराआडच्या माणसाची वाक्यं विंगेतून बाबा म्हणायचे. आयुष्यात तेवढ्याच एका रात्री बाबांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत गेला. लोकांना कळलंसुद्धा नाही, आणि ज्यांना कळलं ते अजून सांगतात.

म्हणून तो "दार!". त्या चार्लीने शंभरेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात तीच युक्ती केली होती, फक्त त्याच्याकडे विंगेत कोणी नव्हतं आणि आवाजही नव्हता.

एकाच माणसाने दोन पार्टी करणं आपल्या मूकपटालाही नवीन नाही म्हणा. दादासाहेब फाळक्यांच्या 1917 च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके राम पण झालेत आणि सीता पण. नवराही तोच, बायकोही तीच! त्याआधी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीही तेच होते, कारण पडद्यावर काम करायला तेव्हा बायका मिळेनात. फाळक्यांना ते सापडले ते मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात, तिथे ते स्वयंपाकी होते. हे मी बाबांना सांगितलं, म्हणजे कागदावर लिहून दाखवलं, तर म्हणाले, आमच्या इथेही स्त्री पार्टी पुरुषच करायचे, त्यात विशेष काय, पण राम आणि सीता समोरासमोर आले तेव्हा काय केलं ते विचार कोणाला तरी.

दिग्दर्शक लिओ मॅकॅरी, हे राहिलं सांगायचं. त्यांना पुढे दिग्दर्शनाचं ऑस्कर दोनदा मिळालं, पहिलं 1937 च्या 'द ऑफुल ट्रुथ'साठी, तोही नवरा-बायकोच्या भांडणाचाच पिक्चर, आणि लॉरेल-हार्डीची जोडी जमवण्यातही त्यांचा मोठा हात. हे सगळं शिक्षण चार्ली चेसबरोबर दोन रिळी पट करताना झालं असं ते स्वतः मानायचे. चार्ली मात्र मागे राहिला. बोलपट आल्यावर त्याला काही अडचण नव्हती, आवाज चांगला होता, गायचा सुद्धा. पण मोठ्या लांबीच्या पिक्चरचा हिरो म्हणून त्याचं बस्तान कधी बसलं नाही. 1939 मध्ये त्याचा भाऊ जेम्स गेला, तोही दिग्दर्शक, आणि पुढच्याच वर्षी 1940 च्या जूनमध्ये चार्ली हार्ट अटॅकने गेला. वय अवघं 46. 2007 मध्ये अमेरिकेने हा पिक्चर कायम जपून ठेवायच्या राष्ट्रीय यादीत घेतला. चार्ली जाऊन तेव्हा 67 वर्षं झाली होती.

मी हे सगळं बाबांना सांगितलं नाही. 46 ऐकून त्यांना वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तर बाबांच्या पुढ्यात वहीचं पान. त्यावर त्या घराचा नकाशा. इथे जिना, इथे ती तयार होते ती खोली, इथे तो, मध्ये पॅसेज, आणि बाण काढलेले, निळ्या पेनाने नवरा, लाल पेनाने बायको. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह होतं. म्हणाले, इथे ती बाहेर कशी आली ते मला दिसलं नाही, परत लाव. मी परत लावलं. सकाळी साडेसातला, पोई आणि पातळभाजी समोर ठेवून, आम्ही तिघांनी तो सीन चारदा बघितला. आईनेच शेवटी पकडलं. बाबांनी लाल बाण खोडून दुसरीकडून काढला.

मग मशीन डबीतून काढून कानात घातलं आणि मला म्हणाले, मंडळाच्या पोरांना रविवारी बोलव. या जत्रेला मुख्य नाटकाच्या आधी पंधरा मिनिटांचं काहीतरी करूया, बिनबोलण्याचं. मारामारीचा तो प्रवेश बसवू.

मी म्हटलं, बाबा, बिनबोलण्याचं म्हणजे मग प्रॉम्प्टरला काम काय?

मशीन लावलेलं होतं, ऐकू गेलं असणार, पण उत्तर दिलं नाही. नकाशाकडेच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "स्टेजवर दार एकच ठेवायला सांग. आणि ते डावीकडे नको, डावीकडे ऑर्गन असतो."